ठिपका

परवा ऑफिसात नव्यानेच लागलेली एक मुलगी उघडा लॅपटॉप तसाच हातात धरून माझ्या टेबलापाशी आली. "ताई, एक मिनिट बघता का? माझी यादी फारच मोठी येतेय."

काम तसं साधं होतं. एका औषधाच्या चाचणीत ज्या रुग्णांच्या प्लेटलेट्स १ लाखाच्या खाली गेल्या, त्यांची यादी काढायची. रुग्ण म्हणजे आमच्यासाठी नुसते क्रमांक, नावं आमच्यापर्यंत येत नाहीत आणि येऊही नयेत. तिने प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं की प्लेटलेट्स १०० पेक्षा कमी असतील तर घे (आकडे हजारांत असतात). यादीत ९ क्रमांक यायला हवे होते, आले होते ३१. त्यातल्या २२ जणांच्या पुढे आकडाच नव्हता. नुसता एक ठिपका.

मला हसू आलं. तिचा चेहरा पडला, म्हणून मग सांगावं लागलं की अगं, हीच चूक मी वीसेक वर्षांपूर्वी केली होती. आणि सॅस शिकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ती केलेली असते. जो नाही म्हणेल त्याला ती अजून सापडलेली नाही, इतकंच!

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सॅस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी सरकारदरबारी सादर करायची तर जगभर गेली कित्येक वर्षं मुख्यतः तेच वापरलं जातं. पुणे, बंगळुरू, हैदराबाद इथल्या हजारो मुलामुलींचं पोट त्यावर चालतं, त्यात मीही आले. एखाद्या रकान्यात आकडा नसेल, म्हणजे तपासणी झाली नाही, रुग्ण आला नाही, नळी फुटली, काहीही, तर सॅस तिथे ठिपका दाखवतं. इथवर ठीक. पण तुलना करायची वेळ आली की ते हा ठिपका सगळ्या आकड्यांपेक्षा लहान धरतं. शून्याहून लहान, उणे दहा लाखांहूनही लहान. मग "१०० पेक्षा कमी कोण?" असं विचारलं की न तपासलेले सगळे हात वर करून उभे!

प्रत्येक सॉफ्टवेअरची याबाबतीत आपापली तऱ्हा आहे. स्टाटा हे दुसरं सॉफ्टवेअर बरोबर उलटं वागतं, तिथे नसलेला आकडा सगळ्यांत मोठा. 'आर'मध्ये त्या जागी 'एनए' लिहिलेलं असतं, आणि ते १०० पेक्षा कमी आहे का असं विचारलं तर उत्तरही 'एनए'च मिळतं, म्हणजे मला माहीत नाही. मला व्यक्तिशः हे उत्तर सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, पण त्याचाही वैताग येतोच. सरासरी काढायला जावं तर एका रिकाम्या जागेपायी सगळी सरासरीच 'माहीत नाही' होऊन बसते. एक्सेलचं तर विचारूच नका. बेरीज-वजाबाकीत रिकामा चौकोन शून्य धरायचा आणि सरासरीत तोच चौकोन मोजायचाच नाही, असा दुटप्पी कारभार!

मुलगी हे सगळं ऐकून गेली, एक अट वाढवली, यादी ९ वर आली. पण तो ठिपका माझ्या डोक्यातून जाईना. आकडा नसणं ही गोष्ट आकड्यात कशी लिहायची, हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा जुना आहे. आणि माझी त्याच्याशी पहिली ओळख झाली ती दवाखान्यात नव्हे, शेतात.

मी मुळात कृषी पदवीधर. तिसऱ्या वर्षाला आम्हाला संख्याशास्त्र होतं, आणि त्यासाठी पानसे-सुखात्मे. हे पुस्तकाचं नाव नव्हे, पण देशभरच्या कृषी महाविद्यालयांत १९५४ च्या त्या पुस्तकाला लेखकांच्या नावानेच ओळखतात. दोघेही मराठी माणसं. त्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. विनायक गोविंद पानसे हे त्यांचे जोडीदार. शेतातले प्रयोग कसे आखायचे आणि त्यांचे आकडे कसे वाचायचे, ते आमच्या दोन-तीन पिढ्या या पुस्तकावरून शिकल्या.

आमच्या सरांनी 'मिसिंग प्लॉट' शिकवताना म्हैस आणली होती, म्हणजे गोष्टीत. समजा शेताचे चार पट्टे केले आणि प्रत्येक पट्ट्यात पाच वाफे पाडून पाच वेगवेगळी खतं दिली. सगळं पीक नीट आलं आणि कापणीच्या आदल्या रात्री शेजाऱ्याची म्हैस सुटून एक वाफा फस्त करून गेली. आता त्या वाफ्याचं उत्पन्न काय लिहायचं? शून्य लिहिलं तर त्या बिचाऱ्या खतावर अन्याय. वाफा सोडून द्यावा तर सगळी आकडेमोड बिघडते, कारण हाताने करायच्या त्या गणिताची सगळी मजा प्रत्येक खत प्रत्येक पट्ट्यात एकदाच येण्यात असते.

इंग्लंडातल्या रॉथम्स्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशरबरोबर काम करणाऱ्या फ्रँक येट्सने १९३३ मध्ये याच्यावर एक निबंध लिहिला. त्या पट्ट्यातल्या उरलेल्या वाफ्यांची बेरीज, त्या खताच्या उरलेल्या वाफ्यांची बेरीज आणि एकूण बेरीज यांवरून एक आकडा काढायचा आणि रिकाम्या जागी ठेवायचा. तो खरा आकडा नव्हे. त्यातून नवीन काही कळतही नाही. फक्त गणित पुढे सरकतं, आणि एक वाफा गेला म्हणून शेवटी हिशेबातून एक वजा करायचा. खरं तर फार सुंदर युक्ती आहे.

पण सरांनी पुढे एक प्रश्न विचारला होता, तो मला आजही आठवतो. "म्हशीने खाल्लं नाही, खताचा डोस जास्त झाल्याने पीक जळून गेलं, तर?" वर्गातून कोणीतरी म्हणालं, "मग पण तीच युक्ती, सर." सर म्हणाले, "गाढवा, मग ते शून्य आहे. ती तर खताची खरी कहाणी आहे!"

वाफा रिकामा का झाला, हे कागदावरून कळत नाही. शेतावर जाऊनच कळतं. आमच्या घरी शेती होती, आजोबांना हे सांगितलं तर त्यांना त्यात शिकण्यासारखं काय आहे तेच समजेना. असो.

शेतातलं हे शास्त्र दवाखान्यात कसं आलं, त्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हा माणूस डॉक्टर व्हायचा होता, पण पहिल्या महायुद्धात त्याला क्षय झाला. अंथरुणावर पडून त्याने पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे संख्याशास्त्राकडे वळला. त्याच हिलने क्षयाच्या नव्या औषधाची, स्ट्रेप्टोमायसिनची, चाचणी आखली. कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरलं, जसं फिशरच्या शेतात कोणत्या वाफ्याला कोणतं खत ते चिठ्ठीने ठरायचं. ऑक्टोबर १९४८ मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४.

५५ आणि ५२ मिळून १०७. पण चाचणीसाठी घेतलेले रुग्ण होते १०९. दोघं सुरुवातीच्या निरीक्षणाच्या आठवड्यातच गेले, म्हणून ते मोजले नाहीत. त्यात गैर काही नाही, आणि लेखात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. पण आधुनिक चाचण्यांची जिथून सुरुवात मानतात त्या पहिल्याच लेखात "कोण मोजायचं, कोण नाही" हा प्रश्न दारात उभा होता, हे मला सॅस शिकल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं.

आपल्याकडची एक चाचणी याबाबतीत मला फार आवडते. १९५६ मध्ये मद्रासला क्षयाच्या उपचारांचं संशोधन केंद्र सुरू झालं. (आज ती चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था.) प्रश्न असा होता की गरीब माणूस दाटीवाटीच्या घरात राहून गोळ्या घेऊन बरा होईल, की त्याला वर्षभर सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवं? तेव्हा बहुतेक तज्ज्ञांचा भरवसा सॅनेटोरियमवर. पण घरी पाठवलेला माणूस गोळ्या घेतो की खिडकीतून टाकतो हे कसं कळणार? म्हणून केंद्राची माणसं न सांगता घरी जायची, उरलेल्या गोळ्या मोजायची, लघवी तपासून औषध पोटात गेलंय का ते बघायची. १९५९ मध्ये निकाल आला, घरचे उपचार जवळपास तितकेच चांगले ठरले. सॅनेटोरियमची सद्दी संपण्यात या निकालाचा मोठा हात आहे. त्यांच्या कागदांवर रिकामे रकाने कमी राहिले असतील तर त्याचं श्रेय कुठल्या सूत्राला नाही, गल्लीबोळांतून फिरणाऱ्या पायांना आहे.

मग कॉम्प्युटर आला आणि गंमत सुरू झाली.

सुरुवातीला डेटा म्हणजे कार्डांची चळत. एका कार्डावर ८० रकाने, प्रत्येक अक्षराला भोकं पाडायची. काही भरायचं नसेल तर जागा कोरी सोडायची. आणि त्या काळच्या फोरट्रान या भाषेत आकड्याच्या जागी कोरं दिसलं की ती शून्य वाचायची! वजन लिहायचं राहिलं, वजन शून्य. म्हणून मग लोकांनी ९, ९९, ९९९ असे खुणेचे आकडे भरायला सुरुवात केली. वय ९९ म्हणजे वय माहीत नाही. मग कधीतरी कोणीतरी ते सांगायचं विसरायचं आणि सरासरी वय भलतंच वाढायचं. हा आजार अजून पुरता बरा झालेला नाही, मी स्वतः पाहिला आहे.

१९६० च्या दशकात तयार पॅकेजं आली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात विल्फ्रिड डिक्सन यांच्या गटाने खास वैद्यकीय संशोधनासाठी बीएमडी केलं, त्याची पहिली माहितीपुस्तिका १९६१ ची. १९६८ मध्ये स्टॅनफर्डला समाजशास्त्राच्या मंडळींसाठी एसपीएसएस आलं. आणि नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात १९६६ पासून अँथनी बार नावाचा तरुण एक प्रोग्रॅम लिहीत होता, पुढे त्याला जेम्स गुडनाइट येऊन मिळाला. पैसे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे, पण विश्लेषण करायचं ते शेतीच्या आकड्यांचं. हेच सॅस. १९७६ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली. आजही सॅसमध्ये डेटा हाताने भरताना 'कार्ड्स' असा शब्द लिहिला तर चालतो, कार्डं जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

मी शिकायला लागले तेव्हा हे कळल्यावर माहेर भेटल्यासारखं झालं होतं. पट्टे, वाफे, खतं यांच्यासाठी लिहिलेल्या आज्ञा मी रुग्णांवर चालवत होते. ठिपक्याचंही मग समजलं. एका ओळीत जागा सोडून सोडून आकडे लिहिले असतील, तर नसलेल्या आकड्याच्या जागी काहीतरी ठेवावंच लागतं, नाहीतर पुढचा आकडा सरकून त्याच्या जागी येऊन बसतो. ठिपका म्हणजे बसमध्ये सीटवर टाकलेला रुमाल. माणूस नाही, पण जागा धरलेली आहे.

गंमत म्हणजे सॅसमध्ये ठिपक्याचे प्रकार २८ आहेत. साधा ठिपका, ठिपक्यापुढे ए पासून झेड पर्यंतची अक्षरं आणि एक अधोरेषेचा. म्हणजे "नमुना खराब झाला" याला एक, "रुग्णाने नकार दिला" याला दुसरा, असं वेगवेगळं लिहिता येतं. सोय करून ठेवलेली आहे. माझ्या आजवरच्या नोकरीत ती वापरलेली मी फार थोड्या वेळा पाहिली. बहुतेक सगळे एकच साधा ठिपका. म्हैस असो नाहीतर जळालेलं पीक.

आणि दवाखान्यात म्हशी कमी असतात, हे लोकांना ठेच लागून लागून कळलं. १९६६ ते १९७५ या काळात अमेरिकेत कॉरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाची प्रचंड चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ८,३४१ पुरुष, वेगवेगळी औषधं आणि एका गटाला नुसत्या बिनऔषधाच्या गोळ्या. त्यातल्या क्लोफायब्रेट या औषधाचा एकूण काही उपयोग दिसला नाही, पाच वर्षांत औषधाच्या गटातले २० टक्के गेले, बिनऔषधाच्या गटातले २०.९ टक्के. मग स्वाभाविक विचार आला की ज्यांनी गोळ्या नीट घेतल्याच नाहीत त्यांना वगळून बघू. बघितलं तर काय, क्लोफायब्रेट नेमाने घेणाऱ्यांत १५ टक्के मृत्यू आणि टाळाटाळ करणाऱ्यांत जवळपास २५! औषध लागू पडतंय की!

सुदैवाने त्यांनी तेच गणित बिनऔषधाच्या गटावरही करून पाहिलं. तिथेही पिठाच्या गोळ्या नेमाने घेणाऱ्यांत १५ टक्के आणि टाळणाऱ्यांत २८. म्हणजे गोळीत काही नसताना ती नेमाने घेणारा जास्त जगत होता. जो गोळी घेतो, वेळेवर येतो, तपासणी करून घेतो, तो माणूसच मुळात वेगळा असतो. त्याची प्रकृती, त्याचं घर, त्याचा खिसा, कशात तरी फरक असतो. १९८० मध्ये हे छापून आलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हा लेख वाचला त्या रात्री मला चक्क झोप लागली नव्हती, कारण त्याच आठवड्यात मी "नीट औषध घेतलेल्यांचाच डेटा ठेवा" असा एक प्रोग्रॅम अगदी हौसेने लिहिला होता. (तसं विश्लेषण करतात, पण जोडीला सगळ्यांचंही करावं लागतं.)

त्याच १९८० मध्ये दुसरं प्रकरण गाजलं. अँटुरेन या संधिवातावरच्या औषधाने हृदयविकाराचे मृत्यू टळतात का, याची चाचणी. चिठ्ठ्या टाकून वाटलेले रुग्ण १,६२९. नंतर त्यातले ७१ जण नियमात बसत नव्हते, चुकून घेतले गेले, म्हणून काढून टाकले. उरलेल्यांत औषधाच्या गटात ७७५ पैकी ६४ मृत्यू, दुसऱ्या गटात ७८३ पैकी ८५. दिसायला बरं दिसतं. पण काढून टाकलेल्यांत डोकावलं तर औषधाच्या गटातल्या ३८ पैकी १० गेलेले आणि दुसऱ्या गटातल्या ३३ पैकी ४. सगळे परत जमेस धरले की आकडे होतात ८१३ पैकी ७४ आणि ८१६ पैकी ८९, आणि औषधाची बाजू बरीच लंगडी पडते. अमेरिकेच्या एफडीएच्या रॉबर्ट टेम्पल आणि गॉर्डन प्लेजर यांनी यावर आणि मृत्यूंच्या वर्गवारीवर जाहीर लेख लिहून टीका केली, आणि या कारणासाठी औषधाला परवानगी मिळाली नाही.

लक्षात घ्या, आकड्यांच्या कुठल्याही बेरजेत चूक नव्हती. सॉफ्टवेअरने दिलेलं काम चोख केलं असणार. ७१ ओळी काढायला सॅसमध्ये एक ओळ पुरते.

याच सुमाराला, १९७६ मध्ये, डोनल्ड रुबिन यांनी रिकाम्या जागांची नीट वर्गवारी मांडली. त्यांची भाषा अवघड आहे, पण मी नव्या मुलांना अशी सांगते. नेताना नळी फुटली, तर ती म्हैस. कोणाचीही फुटली असती. दुसरा प्रकार, लांबच्या गावाहून येणारे, वयस्क रुग्ण जास्त वेळा चुकतात, पण वय आणि गाव आपल्याकडे लिहिलेलं आहे, तेव्हा त्याच्या आधारे काही अंदाज बांधता येतो. आणि तिसरा प्रकार, ज्याला आज फार बरं वाटत नाही, नेमका तोच आज आलेला नाही. तिथे जो आकडा हवा तोच लपलेला असतो, आणि जवळच्या कुठल्याही आकड्यावरून तो शोधता येत नाही. यातला खरा वैताग असा की हाती असलेल्या डेटावरून आपण दुसऱ्या प्रकारात आहोत की तिसऱ्या, हे सिद्ध करता येत नाही. तिन्हींचा ठिपका सारखाच.

हे सगळं माहीत असूनही पुढची वीस-पंचवीस वर्षं सरसकट वापरली गेली ती एक सोपी युक्ती. रुग्ण यायचा थांबला की त्याचा शेवटचा आकडाच पुढे शेवटपर्यंत ओढायचा. सॅसमध्ये ते लिहायला इतकं सोपं आहे की मुलाखतीत हटकून विचारतात. मलाही विचारलं होतं आणि मी फटाफट लिहून दाखवलं होतं. पण स्मृतिभ्रंशासारखा आजार घ्या, जो दर महिन्याला वाढतच जातो. औषधाने मळमळ होऊन कोणी दुसऱ्याच महिन्यात सोडून गेला, तर त्याचा दुसऱ्या महिन्यातला बरा आकडा वर्षाच्या शेवटी धरला जाणार. म्हणजे औषध जितकं त्रासदायक, जितके लोक लवकर पळतील, तितकं ते गुणकारी दिसणार! २०१० मध्ये एफडीएच्या विनंतीवरून अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने मोठा अहवाल दिला, त्यात या ओढाओढीला मुख्य पद्धत म्हणून थारा देऊ नका असं सांगितलं. आणि अहवालाचा भर कशावर होता? रिकाम्या जागा भरण्यापेक्षा त्या होऊच न देण्यावर. औषध सोडलं तरी रुग्णाला सोडू नका, त्याला बोलवा, विचारा, नोंद करा. मद्रासची माणसं १९५६ मध्ये हेच करत होती.

२०१९ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी आणखी पुढे जाऊन, चाचणी सुरू करण्याआधीच लिहून ठेवा म्हटलं, की औषध सोडलेल्याचं, दुसरं औषध घेतलेल्याचं, मरण पावलेल्याचं तुम्ही काय धरणार. लगेच २०२० साल उजाडलं आणि टाळेबंदीत जगभरचे रुग्ण एकदम यायचे थांबले. आमच्या पडद्यांवर मार्चपासून ठिपक्यांचा पाऊस पडला होता. ती मात्र खरीखुरी म्हैस होती, निदान बहुतांशी.

आता माझी वीस वर्षांपूर्वीची चूक. कंपनीचं नाव सांगत नाही आणि तपशील थोडे बदलते. मला हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलेल्यांची यादी करायला सांगितली होती, माझी १७ क्रमांकांची झाली. आमच्या वरिष्ठ बाईंनी एक नजर टाकून विचारलं, "यातले हे नऊजण कोण?" मी ठिपके पाहिले, जीभ चावली, अट घातली आणि पाच मिनिटांत ८ क्रमांकांची यादी परत नेली. मला वाटलं, आता शाबासकी.

त्या म्हणाल्या, "बरं. आणि ते नऊजण कुठे गेले?"

मला प्रश्नच कळला नाही. यादीतून गेले, अजून कुठे जाणार? मग त्यांनी मला दोन दिवस फॉर्म चाळायला लावले. तेव्हा बरेचसे फॉर्म कागदावरचे असत, त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, कुठल्यातरी परक्या डॉक्टरचं गिचमिड अक्षर. पाचजणांचे नमुने गोठले होते किंवा प्रयोगशाळेत पोचलेच नव्हते. दोघांनी अशक्तपणा फार येतो म्हणून चाचणी सोडली होती. अशक्तपणा! हिमोग्लोबिनच्या यादीत हेच दोघं आधी असायला हवे होते की नाही, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. एक तपासणीच्या चार दिवस आधी वारला होता. आणि एकाच्या फॉर्मवर फक्त "संपर्क तुटला" एवढंच.

म्हणजे पाच म्हशी आणि तीन जळालेले वाफे, निदान संशय घ्यावा असे. एकाचं काहीच कळलं नाही. यादी ८ चीच राहिली, नियमाने तीच बरोबर होती. पण त्या बाईंनी अहवालात खाली एक तक्ता जोडायला लावला, किती जणांचा आकडा नाही आणि का नाही. तो तक्ता पुढे कोणी वाचला का, ठाऊक नाही.

परवा ती मुलगी ९ ची यादी घेऊन खुशीत परत आली तेव्हा मीही तेच विचारलं. "छान. आणि ते बावीसजण?"

तिने माझ्याकडे अगदी तसंच पाहिलं, जसं मी तेव्हा पाहिलं असेन. आता कागद चाळावे लागत नाहीत. कोण चाचणीतून कधी आणि कशाने बाहेर पडला त्याची वेगळी फाईलच असते, ठरलेल्या साच्यात, क्रमांकाला क्रमांक जोडला की कारण समोर येतं. तासाभराचं काम. तरी संध्याकाळी मी निघाले तेव्हा ती जागेवरच होती. बावीसपैकी एकवीस लागले होते. शेवटच्यापुढे लिहिलेलं होतं, तीन वेळा फोन केला, एक पत्र पाठवलं, उत्तर नाही.

"ताई, याचं काय लिहू?"

"तेच लिही," म्हटलं. "तीन फोन, एक पत्र."